कोरा चौकोन

१

आमच्या खोलीत सुई चालू असताना बोलायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही आणि फोन शेल्फावरच्या जाड स्पंजावर ठेवायचा. शिंक आली तर बाहेर जायचं. फोन नुसता थरथरला तरी चित्रावर आडवा पट्टा उमटतो. "तुझ्या यंत्रापेक्षा तान्हं मूल परवडलं," असं काचताई म्हणते. काचताई म्हणजे आमच्याकडचे सगळे तुकडे कापणारी, धुणारी आणि डबीत भरून नंबर घालणारी बाई. तिचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे ऐकू येत नाही.

मी घासते. प्रयोगशाळेतलं काम म्हणजे काहीतरी थोर असणार असं लोकांना वाटतं, पण आठ वर्षं मी घासण्याचंच काम करते आहे. आरशासारखा गुळगुळीत सिलिकॉनचा तुकडा घ्यायचा, त्यावर हिऱ्याच्या सुईने रेघा ओढायच्या, आणि मग दुसऱ्या हलक्या सुईने तोच भाग चाचपून त्याचं चित्र काढायचं. केसाच्या जाडीचे ऐंशी हजार भाग केले तर त्यातला एक म्हणजे एक नॅनोमीटर. आमचे सगळे डोंगर आणि दऱ्या अशा दोन-चार नॅनोमीटरांत आटोपतात.

यातली एक गोष्ट रोज करूनही मला पटत नाही. सुई जोरात दाबून ओढली तर चर पडतो. ते ठीक आहे. पण तीच सुई हलक्या दाबाने पुन्हापुन्हा घासली तर तिथला भाग झिजत नाही, वर येतो. बारीकसं टेकाड तयार होतं. घासलं की झिजतं हे शहाणपण आम्ही चपलांबरोबर दाराशी काढून ठेवतो.

प्रत्येक तुकड्यावर एक चौकोन कोरा ठेवायचा असतो. त्याला हिऱ्याची सुई लावायची नाही, बाकीचं काम त्याच्याशी ताडून बघायचं. सकाळी आल्याआल्या पहिलं चित्र या कोऱ्या चौकोनाचं. ते नेहमी सारखंच येतं, करडं आणि कंटाळवाणं. त्या मंगळवारी त्यात सहा रेघा होत्या.

उंची शून्य पॉइंट चार नॅनोमीटर. एवढ्याला कोणी भाव देत नाही. मी कारणं मोजली. खोली गार झाली असेल, आदल्या दिवशीचं चित्र वर राहिलं असेल, नाहीतर माझंच चुकून बटण दाबलं गेलं असेल. फक्त एक गोष्ट घशाखाली उतरत नव्हती. रेघा डावीकडे झुकलेल्या होत्या. आमची सुई सरळ आडवी जाते. तिरकं जायला तिला सांगावं लागतं, आणि मी सांगितलं नव्हतं. मी वहीत "धूळ?" असं लिहिलं आणि चहाला गेले.

२

माझे वडील फिटर होते. त्यातही घासणारे. यंत्रांच्या कारखान्यात सरफेस प्लेट नावाची बिडाची लादी असते. तिच्यावर ठेवून बाकी सगळ्याची सपाटी तपासतात. मग खुद्द तिची सपाटी कोण तपासणार? तर बाबा. एका प्लेटला निळा रंग लावून ती दुसरीवर घासायची, जिथे रंग लागेल तो उंचवटा, आणि तो स्क्रेपरने खरवडायचा. असं दिवसच्या दिवस. ते नेहमी तीन प्लेटा घेऊन बसत. दोन पुरत नाहीत, कारण एक फुगीर आणि दुसरी खोलगट असली तरी दोघी एकमेकींत छान बसतात. "दोघांनी एकमेकांना चांगलं म्हटलं की समजावं, दोघंही वाकडे," बाबा म्हणायचे. "तिसऱ्याला विचारावं." माझ्या आणि दादाच्या भांडणातही हेच वाक्य यायचं, आणि तिसरी म्हणून आईला ओढलं जायचं.

शेवटचा निवाडा बाबांच्या डाव्या अंगठ्याचा. ते डावखुरे. अंगठ्याचे तीन लहान फेरे, एक लांब, आणि मग थांबायचं. थांबून ते जणू कान देऊन ऐकत. काम मनासारखं झालं की सबंध तळहात प्लेटवरून एकदा सावकाश फिरवत आणि म्हणत, "घ्या." तळहात फिरवल्याशिवाय त्यांनी एकही प्लेट बाहेर जाऊ दिली नाही. साहेब डोक्यावर उभा राहिला तरी नाही.

आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात शाबूत होता, पण तोही नुसता पडून असे. नजर छताला. डॉक्टर म्हणाले, "शरीर आहे. बाकी फारसं काही उरलं असेल असं वाटत नाही." दादाने ते ऐकून घेतलं. मी घेतलं नाही. त्या शरीराच्या आत माझे बाबा अजून आहेत, एवढंच मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

म्हणून मंगळवारच्या अकरा दिवस आधी मी एक मूर्खपणा केला होता. कोपरा उडालेला एक तुकडा रुमालात गुंडाळून घरी आणला आणि बाबांच्या अंगठ्याखाली ठेवला. "बघा बाबा, याहून सपाट काही नसतं. तुमच्या तिन्ही प्लेटा याच्यापुढे डोंगर."

अंगठा हलला. तीन लहान, एक लांब. थांबला. मग बाबांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी अगदी थोडी मान हलवली. नाही. उंचवटा आहे.

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. दादा म्हणाला, "तोंडावर माशी बसली असेल." दुसऱ्या दिवशी मी तुकडा परत नेला, तीनदा धुतला, कोरा चौकोन तपासला. सपाट होता. उडालेल्या कोपऱ्याने माझं काही अडत नव्हतं, म्हणून मी त्याच तुकड्यावर काम सुरू केलं. बाबांचा अंगठा मात्र त्या दिवसापासून थांबला नव्हता. चादरीवर फिरत राहायचा. तीन लहान, एक लांब, आणि थांबा.

३

बुधवारी रेघा अकरा झाल्या. गुरुवारी तेवीस. उंची वाढत एक पॉइंट एकवर गेली.

"हात लावलास," काचताई म्हणाली.

"मी कशाला लावू?"

"मग मी लावला? तुकडा धुऊन देते मी, तो काय डबीत बसून मिशा वाढवतो?"

तिने बाकीचे तुकडे काढले. सगळे स्वच्छ होते. त्या संध्याकाळी कोपरा उडालेला तुकडा तिने स्वतः डबीत घातला, झाकणाला चिकटपट्टी लावली, पट्टीवर सही केली आणि डबी आपल्या कपाटात ठेवून किल्ली घरी नेली. शुक्रवारी सकाळी पट्टी जशीच्या तशी होती. रेघा चाळीस झाल्या होत्या. काचताईने पदराला हात पुसले, जे ती कामाच्या वेळी कधी करत नाही.

आमच्या यंत्राला एक जुनी सोय आहे. सुईला होणारं घर्षण हेडफोनवर ऐकता येतं. सुई बोथट झाली की आवाज बसतो, एवढ्याचसाठी ते वापरतात. मी हलकी सुई कोऱ्या चौकोनावर टेकवून एका जागी स्थिर ठेवली. ती हलत नसल्यामुळे कानात काहीच यायला नको होतं. यंत्राची बारीक घरघर होती. आणि तिच्या मागे, भिंतीपलीकडून यावा तसा, दुसरा आवाज.

सर्र, सर्र, सर्र. सर्रर्र. मग थांबा.

मी हेडफोन काढला. खोली गप्प होती. पुन्हा घातला. डोकं जागेवर होतं. हा ठेका दोन आठवडे माझ्या उशाशी चालला आहे, मी स्वतःला सांगितलं. पंख्यातही ऐकू येईल, नळातही ऐकू येईल. माझा कान आणि माझं मन, दोघं एकमेकांना चांगलं म्हणत होते. दोघंही वाकडे असू शकतात.

तिसऱ्याला विचारायला हवं होतं.

४

वहिनीला मी खरं कारण सांगितलं नाही. आदल्या रात्रीच तिने बाबांचा अंगठा मला दाखवला होता. त्यावरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या, कातडी लालभडक आणि काचेसारखी गुळगुळीत. "आता रक्त येईल गं," ती म्हणाली. "बाबा रात्रंदिवस झिजवतायत स्वतःला." दादा म्हणत होता की हाताला मऊ कापडाचा मोजा बांधून टाकू. मीच अडवून धरलं होतं. शनिवारी सकाळी मी म्हटलं, "वहिनी, बरोबर अकराला दहा मिनिटं मोजा घालून बघ. त्यांना सोसतंय का ते कळेल."

पावणेअकराला मी सुई टेकवून बसले. आवाज चालू होता. अकरा वाजले. आवाज चालूच. अकरा दोन. अकरा चार. मी मोठा श्वास सोडला. पंखा, नळ, माझं मन. खरंच सांगते, मला इतकं हलकं वाटलं की मी वही ओढून त्यात "यंत्रातला दोष" असं लिहायला घेतलं.

अकरा वाजून सात मिनिटांनी आवाज थांबला.

दहा मिनिटं कानात नुसती घरघर. अकरा सतराला पुन्हा सर्र.

मी बाहेर जाऊन फोन केला. वहिनी आधीच ओशाळली होती. "अगं, अकराला नाही जमलं. दूध उतू गेलं, गॅस पुसत बसले. सात झाले होते बघ. पण नाही सोसलं त्यांना. मोजा घातला तसे डोळ्यांतून पाणी यायला लागलं, म्हणून दहा मिनिटं झाल्या झाल्या काढला."

मी बेसिनपाशी गेले, नळ सोडला आणि ढसाढसा रडले. आनंदाने रडले. भीती नंतर आली. माझे बाबा होते. आत होते, शुद्धीत होते आणि कामावर होते.

५

त्या संध्याकाळी दादा माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलला. आम्ही स्वयंपाकघरात उभे होतो. आतल्या खोलीतून चादरीवरचा आवाज येत होता.

"तुला वाटतं ते खूण करतायत," तो म्हणाला.

"वाटत नाही. माहीत आहे."

"बरं, असेल. मग एक सांग. हा माणूस आनंदात आहे असं तुला दिसतं?"

मी जाऊन बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. दोन आठवडे मी त्यांच्या अंगठ्याकडेच बघत होते. कपाळावरची आठी पहिल्या दिवशी पडली होती, ती तशीच होती. अंगठा फिरत होता, थांबत होता, आणि दर थांब्याला आठी आणखी खोल जात होती. काम उतरत नसलं की बाबा असे दिसत. लहानपणी अशा दिवशी आई आम्हाला अंगणात पाठवून द्यायची.

तेव्हा मला कळलं. त्यांना त्या तुकड्यावर उंचवटा लागला होता. खराच असेल, आमच्या यंत्रालाही न सापडलेला. आयुष्यभर त्यांनी जे केलं तेच ते करत होते. घासत होते. आणि तिथे घासलं की वर येतं. ते जेवढं उतरवायला बघत होते तेवढं ते चढत होतं. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं, पण मी तर फुशारकी मारत होते.

काम पुरं झाल्याशिवाय बाबा उठणारे नव्हते. आणि ते काम कधीच पुरं होणार नव्हतं.

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "बाबा, ते घासून जात नाही. सोडा." त्यांची नजर छतावरून ढळली नाही. अंगठा फिरत राहिला.

६

उतरवण्याचा उपाय माझ्या हातात होता. हिऱ्याची सुई, दाब ना हलका ना जड, बरोबर मधला. टेकाडांवरून एकेक थर रंधा मारल्यासारखा काढत जायचं. सोमवारी सकाळी मी तेच करायला बसले. रविवारभर वेगळाच हिशोब मनात घोळत होता, तो मी दादालाही सांगितला नव्हता. काम संपलं की ते तळहात फिरवतील. तळहात फिरवला की मनातल्या मनात "घ्या" म्हणतील. त्यानंतर त्यांना इथे धरून ठेवणारं काय उरणार?

एकेक रेघ खाली येत गेली. दुपारी चारपर्यंत चौकोन जवळजवळ शून्यावर आला. हेडफोनमधला ठेका मंद झाला होता, थांबे लांबले होते. वहिनीचा निरोप आला, "आज हात शांत आहे. दोन घास जास्त खाल्ले."

डाव्या कोपऱ्यात एक टेकाड उरलं होतं. शून्य पॉइंट तीन.

मी सुई उचलली. यंत्र बंद केलं. काचताईला म्हटलं, "आज पुरे. डोळे दुखतायत." डोळे काही दुखत नव्हते. एवढ्याशा उंचवट्यावर बाबा कितीही दिवस बसतील हे मला माहीत होतं, आणि मला ते हवे होते.

घरी गेले तर बाबा जागे होते. नजर छताला नव्हती, दाराकडे होती. मी जवळ बसले. त्यांनी डावा हात चादरीवरून उचलला. आठ महिन्यांत पहिल्यांदा उचलला. माझा पंजा उलटा केला आणि त्या सोललेल्या अंगठ्याने माझा तळवा तपासला. तीन लहान, एक लांब. थांबले. माझ्या डोळ्यांत बघितलं. आणि मान हलवली.

ही मान मला ओळखीची होती. कारखान्यात कोणी अर्धवट काम झाकून पुढे सरकवलं की बाबा रागावत नसत. असं एकदा बघत आणि मान हलवत. समोरचा माणूस आपण होऊन प्लेट परत घेऊन जाई.

"उद्या करते," मी म्हटलं. "शप्पथ."

दादा दारात उभा होता. रात्री मी बाबांच्या अंगठ्याला मलम लावलं, तेव्हा तो येऊन शेजारी बसला आणि आम्ही बराच वेळ आईच्या गोष्टी काढत राहिलो, बाबांना ऐकू जातील अशा आवाजात.

७

मंगळवारी फोन मी स्पंजावर ठेवला नाही. यंत्राशेजारी, टेबलावरच ठेवला. वहिनीला सांगून आले होते की काही झालं तर लगेच फोन कर, मी उचलला नाही तरी कर.

काचताई आत आली, फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नियम सांगायला उघडलेलं तोंड मिटून मागच्या स्टुलावर बसली.

शेवटच्या टेकाडावरून सुई सहा वेळा गेली. शून्य पॉइंट दोन. शून्य पॉइंट एक. मग काही नाही. मी हलकी सुई लावली आणि कोऱ्या चौकोनाचं चित्र सुरू केलं, वरून खाली, रोजच्यासारखं. हेडफोन घातला. त्यात सुईची स्वतःची आडवी खसखस, आणि तिच्या मागे तो आवाज. सर्र, सर्र, सर्र. सर्रर्र. थांबा.

थांबा लांबत गेला. मी ओळी मोजत होते. सत्तर, ऐंशी, शंभर. ते ऐकत होते. मीही ऐकत होते. पडद्यावर एकेक ओळ सपाट उतरत होती.

अकरा वाजून चार मिनिटांनी फोन टेबलावर थरथरला. पडद्यावर पांढरा ओरखडा उठला, आडवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वहिनीचा फोन होता. मी उचलला नाही. उचलायची गरज नव्हती. फोन वाजत राहिला आणि मग थांबला.

सुई पुढच्या ओळीवर गेली. आणि तेव्हा, फोन थांबल्यावर, कानात आला तो आवाज. पहिल्यांदा मला तो ओळखताही आला नाही, कारण तो अंगठ्याचा नव्हता. रुंद, मऊ, अजिबात घाई नसलेला. एकदाच. उजवीकडून डावीकडे.

घरी बाबांचा श्वास अकरा वाजून तीन मिनिटांनी थांबला होता. दादा उशाशी होता, त्याने घड्याळ पाहिलं होतं. मी वेळा पुन्हापुन्हा ताडून बघितल्या आहेत. फोन आधी आला. तळहात नंतर फिरला.

ते चित्र माझ्याकडे आहे. वरचा भाग सपाट, मध्ये फोनचा पट्टा. पट्ट्याच्या खाली एक रुंद, फिकट झाक आहे, चार बोटं शेजारी शेजारी ठेवावीत तशी. उंची मोजायला गेलं तर शून्य येते.

त्या दिवशी मी हेडफोन काढला आणि खुर्ची मागे सरकवून काचताईला बोलावलं. "तू बघ," म्हटलं. "मी काही सांगत नाही. काय दिसतं ते सांग."

ती वाकली. चष्मा वर सरकवून पुन्हा वाकली. मग म्हणाली, "याच्यावरून कोणी हात फिरवलाय का गं?"

मी तुकडा चिमट्याने उचलून डबीत ठेवला, झाकण लावलं आणि डबी तिच्यापुढे धरली. काचताईला मी आठ वर्षं अगं-तुगं करते.

"घ्या," मी म्हटलं.